सोलचा चंग्येचन ओढा: हायवे पाडून मोकळा केलेला, आईला घेऊन बघून आलो (5 पैकी साडेचार)

भाऊ कोरियात सोलला नोकरीला आहे म्हणून मे महिन्यात आईला घेऊन गेलतो. राजवाडे, टॉवर सगळं झालं, पण बेळगावात परत आल्यापासून आई गल्लीत ज्याला त्याला त्या ओढ्याचंच सांगतेय. आमचं शेत वडगाव शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या काठाला. पावसाळ्यात बासमतीचं भात पाण्याखाली गेलेलं तिनं कितीदा बघितलंय, त्यामुळं ओढा म्हटलं की तिचा जीव तिथंच.

तर हा ओढा त्या लोकांनी 1958 पासून स्लॅब टाकून झाकत नेला, वर रस्ता केला आणि रस्त्यावर परत उंच हायवे. दिवसाला दीड लाखाच्या वर गाड्या. पुढं हायवेचं काँक्रीट खराब झालं तेव्हा नुसती डागडुजी न करता 2003 च्या जुलैत पाडायला घेतला आणि 2005 च्या ऑक्टोबरात जवळपास 6 किलोमीटर ओढा लोकांसाठी खुला केला, म्हणजे सव्वादोन वर्षात! जुन्या हायवेचे थोडे खांब मुद्दाम पाण्यात तसेच ठेवलेत. आई त्यातल्या एकाकडं बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "एवढं वजन होतं व्हय रे ह्या पाण्यावर."

मला जास्त आवडली ती बस. काम चालू असतानाच, 2004 मधे, त्यांनी शहरातली सगळी बस व्यवस्था बदलली. मोठ्या रस्त्यांवर मधली लेन फक्त बसला, स्टॉप पण रस्त्याच्या मधेच, त्यामुळं कार तुंबलेल्या असल्या तरी आमची बस सरळ पुढं. चढताना कार्ड लावायचं, उतरताना पण लावायचं, आणि अर्ध्या तासात दुसरी बस किंवा मेट्रो धरली तर परत सुरुवातीपासून तिकीट नाही. आपल्याकडं फ्लायओव्हरचा विषय निघाला की आधी बसचं काय हे कुणी विचारतच नाही, आणि नाला म्हटलं की टाका स्लॅब. मला हे खरंच लागतं.

अर्धा मार्क कापला कारण पाणी बरंचसं हान नदीतून पंपानं आणून सोडलेलं आहे, ओढ्याचं स्वतःचं नाही. शिवाय काठावरच्या फेरीवाल्यांना तेव्हा उठावं लागलं, आधी एका स्टेडियममधे बसवलं आणि मग तिथनं पण हलवलं. आणि गुडघे दुखणाऱ्यांनी उताराचा रस्ता आधी विचारून घ्यावा, आम्ही पायऱ्यांनी उतरलो आणि आईला त्रास झाला.

जाणार असाल तर ऑफिस सुटायच्या वेळेला जावा, जोराचा पाऊस असला तर खाली सोडत नाहीत. पाण्यात पलीकडं जायला मोठे दगड टाकलेत, माणसं बूट काढून पाय सोडून बसतात. आई पण बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, आणि वाकून ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. "घाण वास नाही रे," म्हणाली, आणि अंधार पडला तरी उठायला तयार नव्हती.