एलिक्सिरवर मल्टिप्लेअर गेम सर्व्हर: काही महिने चालवल्यावर

चार-आठ जणांची एक रूम आणि अशा शेकडो रूम एकाच वेळी चालू, असा खेळ असेल तर एलिक्सिर ही प्रोग्रामिंग भाषा बिनधास्त घ्या. ‘मिक्स न्यू अरीना --सप’ दिलं की सुपरव्हायझरचा (क्रॅश झालेल्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारी हलकी कामं, पुन्हा उभी करणाऱ्याचा) सांगाडा तयार मिळतो. त्याखाली एक रजिस्ट्री (नावावरून प्रोसेस शोधून देणारी यादी), एक डायनॅमिक सुपरव्हायझर (चालू असतानाच नव्या प्रोसेस सुरू करणारा). प्रत्येक रूम म्हणजे एक जेनसर्व्हर (स्टेट, म्हणजे खेळाची सध्याची स्थिती, सांभाळणारी प्रोसेस), प्रत्येक सॉकेटची (खेळाडूच्या जोडणीची) वेगळी प्रोसेस. रूमची स्टेट एकाच प्रोसेसच्या हातात, त्यामुळे लॉकची भानगडच नाही.

डिफॉल्ट सेटिंग मात्र गेमसाठी नाहीत. रिस्टार्ट ‘पर्मनंट’ असतो, म्हणून संपलेला सामनाही पुन्हा उभा राहतो, ‘ट्रान्झियंट’ (क्रॅश झाली तरच पुन्हा उठवणं) करा. रिस्टार्टची मर्यादा 5 सेकंदांत 3. एकाच बगमुळे तेवढ्या वेळात चौथा क्रॅश झाला की सुपरव्हायझर स्वतः मरतो आणि धडधाकट रूमही सोबत नेतो. ‘एका रूमचा बग दुसरीला लागत नाही’ ही जाहिरात हा आकडा वाढवल्यावरच खरी ठरते. पुन्हा उठलेली रूम कोरी असते. स्कोअर टिकवायचा तर ईटीएस टेबलात (मेमरीतल्या सामायिक तक्त्यात) ठेवा, पण टेबलाची मालक रूम नको. मालक गेला की टेबलही जातं.

टिकचं, म्हणजे खेळ एक पाऊल पुढे नेणाऱ्या ठोक्याचं, गणित सगळ्यात जास्त चुकतं. सेकंदाला 20 टिक हवेत म्हणून काम संपल्यावर ‘सेंड_आफ्टर’ला (ठरावीक वेळाने निरोप पाठवणाऱ्या फंक्शनला) 50 मिलिसेकंद दिले आणि कामाला 6 लागले, तर टिक 56 वर जातो. सेकंदाला 18सुद्धा नीट पडत नाहीत. पुढच्या टिकची वेळ मोनोटॉनिक (कधी मागे न जाणाऱ्या) घड्याळावरून काढा आणि ‘अ‍ॅब्स: ट्रू’ (दिलेला आकडा म्हणजे अंतर नव्हे, घड्याळातला क्षण) लावून द्या.

रूमने खेळाडूच्या प्रोसेसला ‘कॉल’ (निरोप पाठवून उत्तराची वाट बघणं) करायचा नाही, ‘कास्ट’च (वाट न बघता नुसता निरोप). दोघांनी एकमेकांना कॉल केला की 5 सेकंद दोघंही अडकतात, मग टाइमआउट. सॉकेट ‘अ‍ॅक्टिव्ह: ट्रू’वर (आलेला सगळा डेटा थेट प्रोसेसकडे) ठेवला तर एखादा खोडसाळ क्लायंट मेलबॉक्स (प्रोसेसची निरोपांची रांग) फुगवत बसतो, कारण मेलबॉक्सला मर्यादाच नाही, ‘अ‍ॅक्टिव्ह: वन्स’ (मागितल्यावर एकदाच) वापरा. ‘नोडिले’ (छोटी पॅकेट अडवून न ठेवता लगेच पाठवणं) चालू हवाच.

मेमरी हळूहळू चढत असेल तर आधी बायनरी (बाइटच्या रूपातला कच्चा डेटा) बघा. 64 बाइटपेक्षा मोठ्या पॅकेटमधून खेळाडूचं नाव कापून स्टेटमध्ये ठेवलं, तर त्या तुकड्यापायी अख्खं पॅकेट अडकून राहतं. ‘बायनरी.कॉपी’ करून ठेवलं की सुटतं. क्लायंटकडून आलेल्या मजकुराचे अ‍ॅटम तर कधीच बनवू नका, ही नावं एकदा बनली की मेमरीतून साफ होत नाहीत.

जड फिजिक्सला मात्र ही भाषा नको. ते रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहून जोडता येतं, पण एक मिलिसेकंदाहून लांब काम असेल तर डर्टी शेड्युलरवर (लांब कामांसाठीच्या वेगळ्या थ्रेडवर) टाका, नाहीतर शेजारच्या रूम अडखळतात.