वर्ल्डस्पेसचा पोर्टेबल रेडिओ: दिशा साधली की सारे साधले

वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ पुण्यातल्या आमच्या घरी २००५ साली आला आणि भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद होईपर्यंत तो जवळजवळ रोज वाजत राहिला. हा रेडिओ चांगला होता की नाही, असे आजही कोणी विचारले, तर मी आधी उलट विचारते की त्याची अँटेना तुम्ही कुठे ठेवली होती. ज्यांनी ती टीव्हीच्या कपाटावर ठेवून दिली त्यांनी महिनाभरात संच माळ्यावर टाकला, आणि ज्यांनी एक सकाळ खर्ची घालून तिची जागा शोधली त्यांना या संचाने वर्षानुवर्षे साथ दिली. माझ्या मते या रेडिओचे गुणदोष याच एका गोष्टीपाशी येऊन मिळतात.

भारतात ऐकू येणारे वर्ल्डस्पेसचे कार्यक्रम एशियास्टार या उपग्रहावरून येत. मार्च २००० मध्ये एरियन ५ अग्निबाणाने तो आकाशात नेला, आणि त्याच उड्डाणात आपला इन्सॅट-३बी हा उपग्रहही होता. एशियास्टार विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, १०५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर होता. एवढ्या अंतरावरून येणारा संदेश (सिग्नल) साहजिकच क्षीण असतो, पण तो १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात येत असल्यामुळे त्याच्यासाठी गच्चीवर मोठी तबकडी बसवावी लागत नसे. तळहातावर मावेल अशी चपटी अँटेना पुरे होई. मात्र हा संदेश सरळ रेषेत येतो. मध्यम लहरींची आकाशवाणी घराच्या कुठल्याही खोलीत पोचते, त्या सवयीने या संचाकडे पाहिले की फसगत ठरलेली, कारण सिमेंटची भिंत किंवा छप्पर मध्ये आले की तिथे सारे संपले.

पुण्याहून हा उपग्रह पूर्व आणि आग्नेय या दिशांच्या मध्ये, पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे २८ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर होता. घरी अँटेना लावताना मी आधी होकायंत्र घेतले, पण बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलजवळ त्याची सुई भलतीकडेच वळू लागली, तेव्हा ग्रिलपासून दूर, खोलीच्या मधोमध उभे राहून त्याच होकायंत्राने दिशा घेतली. उंचीसाठी कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेले एक खोडरबर, एवढा ओळंबा पुरला. प्लायवुडचा एक तुकडा त्या कोनात तिरपा करून त्यावर अँटेना दुहेरी चिकटपट्टीने बसवली आणि फळीच्या कडेने जमिनीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली, म्हणजे केर काढताना फळी हलली तरी पुन्हा तिथेच ठेवता यावी.

पुढे याहूनही सोपी खूण हाती लागली. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या आरंभी पुण्यात सकाळी दहा-सव्वादहाच्या सुमारास सूर्य आकाशात नेमका त्याच जागी येतो. त्या वेळी घरात ज्या ज्या ठिकाणी ऊन पडते तिथे उपग्रहाचा संदेश पोचणार, आणि जिथे सावली आहे तिथे काहीतरी आडवे येत आहे, हा हिशेब एकदाही चुकला नाही. आमच्या बाल्कनीत उन्हाचा जेमतेम दोन फुटांचा पट्टा उतरत असे, आणि आदल्या सहा महिन्यांत ठेचकाळत शोधलेली आमची जागा त्याच पट्ट्यात निघाली, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

जागा सापडल्यावरही अडथळ्यांचा विचार सुटत नाही. खिडकीची साधी काच फारसा त्रास देत नाही, पण काचेवर उन्हाची तिरीप अडवणारी धातूचा मुलामा दिलेली फिल्म चिकटवलेली असेल तर रेडिओ मुका होतो. ग्रिलच्या गजांना अगदी चिकटून ठेवलेली अँटेना हातभर मागे घेतली तरी फरक पडतो. पाणी हा संदेश शोषून घेते, त्यामुळे अँटेनासमोर वाळत घातलेली ओली चादर, पावसाने चिंब झालेला झाडाचा पसारा, इतकेच काय पण बाल्कनीत समोर येऊन उभा राहिलेला माणूससुद्धा आवाज बंद पाडायला पुरेसा असतो. आमचे अण्णा सकाळी तुळशीला पाणी घालायला वाकले की गाणे थांबे आणि ते सरळ उभे राहिले की पुन्हा सुरू होई, म्हणून शेवटी आम्ही तुळशीची कुंडी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली.

पावसाबद्दल मात्र या रेडिओची मनापासून तारीफ केली पाहिजे. डीटीएच टीव्हीचा संदेश सुमारे १२ गिगाहर्ट्झला येतो आणि जोराच्या सरीत पावसाचे थेंब तो खाऊन टाकतात. वर्ल्डस्पेसची लहर जवळजवळ २० सेंटिमीटर लांबीची असल्यामुळे त्याच सरीचा तिच्यावर जवळपास परिणाम होत नसे. जुलैतल्या संध्याकाळी टीव्हीचा पडदा निळा होऊन बसायचा आणि हा संच मात्र शांतपणे गात राहायचा. त्यामुळे पावसाळ्यात रेडिओ बंद पडला तर पावसाला दोष न देता झाडाच्या भिजलेल्या पानांकडे आणि केबलच्या जोडाकडे पाहावे, असे मी शेजाऱ्यांना सांगत असे.

जोडाचा विषय निघालाच आहे तर आमच्या संचाचा एक खरा दोष सांगते. अँटेनाची केबल संचाच्या पाठीमागे जिथे खोचली जाई तो जोड दुसऱ्या वर्षी सैल झाला, आणि नंतर केबलला जरा धक्का लागला तरी आवाज जाऊ लागला. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा नुसते फडके मारून संच परत दिला. तिसऱ्या वेळी मी तिथेच बसून जोड बदलून घेतला. टीव्हीची साधी केबल मध्ये जोडून लांबी वाढवण्याचा मोहही मी एकदा केला होता, पण या कंप्रतेला लांब आणि हलक्या केबलमध्ये बराच संदेश मुरून जातो, तेव्हा संच अँटेनाजवळ ठेवून ध्वनीची तार लांब नेणे केव्हाही चांगले.

प्रक्षेपण डिजिटल असल्यामुळे येथे खरखर नावाची गोष्ट नव्हती. आवाज एक तर निर्मळ असे नाहीतर मुळीच नसे, आणि यातच नवख्या माणसाची गल्लत होई. गाणे लागले म्हणजे काम झाले असे समजून तो अँटेना तशीच सोडून देई आणि थोडा वारा सुटून फांदी हलताच रेडिओ गप्प होई. म्हणून संचाच्या पडद्यावर संदेशाचा जोर दाखवणाऱ्या पट्टीकडे लक्ष ठेवून, गाणे सुरू झाल्यावरही, पट्टी आणखी वाढत नाही अशा टोकापर्यंत अँटेना बोट-बोट हलवत नेणे आवश्यक होते. अँटेना स्वतःभोवती चक्रासारखी फिरवण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण संदेश वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा होता, म्हणजे त्याची लहर गोल फिरत येई. तिचे तोंड कुठे आहे एवढेच महत्त्वाचे.

ध्वनीच्या दर्जाबद्दल माझे मत थोडे मिश्र आहे. कार्यक्रम एमपी३ पद्धतीने आकुंचित करून, सेकंदाला १६ किलोबिटपासून १२८ किलोबिटपर्यंत वेगवेगळ्या दरांनी येत. बीबीसीच्या बातम्या शॉर्टवेव्हच्या चढउतारांनंतर येथे इतक्या स्पष्ट ऐकू येत की निवेदकाचा श्वासही कळे, फक्त त्या शॉर्टवेव्हच्या काही क्षण मागे असत. संगीतात, विशेषतः तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती भरीव गुंज, लक्ष देऊन ऐकणाऱ्याला, आकुंचनाची कड अधूनमधून जाणवे. तरीही रेडिओ गंधर्व या वाहिनीवर दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, तेही जाहिरातींच्या गलबल्याविना, मिळत होते, आणि त्या काळात दुसरे कुणीही ते असे देत नव्हते. केवळ तेवढ्यासाठी मी हा संच पुन्हा घेतला असता.

आता पोर्टेबल या शब्दाविषयी. हा संच उचलून नेता येई, पण चालता चालता ऐकता येत नसे, आणि हे खोक्यावर ठळक लिहायला हवे होते. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या सेवांनी शहरांमध्ये जमिनीवरून तोच संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे उभारली, म्हणून तिथे उंच इमारतींच्या गर्दीतही गाडीतला उपग्रह रेडिओ चालू राहतो. आपल्याकडे अशा केंद्रांचा आधार नव्हता. सगळी भिस्त एकट्या एशियास्टारवर. गाडीने वळण घेतले, पूल आला, झाडांची कमान आली की आवाज तुटणारच.

पण एका जागी बसून ऐकायचे असेल तर आडगावात या संचाला तोड नव्हती. कोकणातल्या मावशीच्या घरी एफएम पोचत नसे आणि मध्यम लहरींवर रात्री परदेशी केंद्रांची सरमिसळ होई. घरावर नारळ आणि फणस यांची दाट छाया असल्यामुळे ओटीवर काहीच लागले नाही. अंगणात चार ठिकाणी प्रयत्न केल्यावर विहिरीच्या कठड्यावर, जिथून पूर्वेकडचे आकाश मोकळे दिसत होते, पट्टी एकदम भरली. सह्याद्री तिकडेच उभा असला तरी ४८ अंश उंचीपुढे त्या अंतरावरून डोंगराची आडकाठी होत नाही. त्या रात्री मावशी पाटावर बसून दोन तास मालकंस राग ऐकत राहिल्या, आणि सेल संपत आले तेव्हा मी घरातून वायर ओढून आणली.

कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षअखेरीस भारतातली सेवा थांबली. त्यामुळे जुन्या बाजारात असा संच दिसला तर त्यावर उपग्रहाचे कार्यक्रम लागतील या आशेने तो घेऊ नये, विकणारा काहीही सांगो. दुसऱ्या यंत्राचा आवाज तारेने आत घेण्याची खाच चालू असेल तर साधा स्पीकर म्हणून त्याचा उपयोग होतो. आमचा संच आजही त्यासाठीच स्वयंपाकघरात आहे.