नाशिकमधली घरपोच रुग्णसेवा: '२४ तास' म्हणजे नेमकं काय

गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की पंचवटी, घरी मावशी (रुग्णाची देखभाल करणारी बाई) किंवा सिस्टर (नर्स) पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: '१२ तास हवं की २४ तास?' १२-१२ तासांच्या दोन पाळ्यांपेक्षा स्वस्त पडतं म्हणून बरीच घरं २४ तास घेतात. स्वतः उठून संडासला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी ते पुरतंही. पण अंथरुणाला पूर्ण खिळलेल्या माणसासाठी हा व्यवहार घातक आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो.

२४ तास म्हणजे एकच मावशी घरी राहणार. तिला रात्री झोप लागणार, आणि मिळायलाही हवी. कूस मात्र साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्री ११ ते सकाळी ६ माणूस पाठीवरच राहिला की माकडहाडापाशी आणि टाचांवर लाली येते. ती बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिकी पडली तर अजून वेळ आहे. तशीच लाल राहिली तर बेडसोअरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते पाहावं. म्हणून अशा रुग्णाला दोन पाळ्याच घ्या. ते परवडत नसेल तर रात्री १ आणि ३चा गजर घरच्यांनी लावायचा आणि ११ आणि ५ची कूस मावशीने बदलायची, असं वाटून घ्या.

ब्यूरोवाले हवेची गादी भाड्याने देतात आणि 'आता काळजी नाही' म्हणतात. गादीने दाब कमी होतो, कूस बदलणं चुकत नाही. आपल्याकडे तर हटकून तिच्यावर जाड गोधडी, वर रबरी कापड, वर चादर घालतात. मग गादीचा उपयोगच उरत नाही. वर एकच पातळ सुती चादर हवी. हवा पुरेशी आहे का हे बघायला रुग्णाच्या कमरेखाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवा. हाड हाताला टेकलं तर पंपाचं बटण वाढवा. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून हवेच्या गादीखाली फोमची गादी असू द्या.

मावशी आणि सिस्टर यातला फरक ब्यूरो फोनवर नीट सांगत नाहीत. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी) घालणं, शिरेतून इंजेक्शन ही एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या सिस्टरची कामं. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. ट्यूबमधून भरवणं मावशीला शिकवता येतं, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. आडवं ठेवून भरवलं तर अन्न उलटून फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. नाकापाशी ट्यूबवरची खूण सरकलेली दिसली तर काहीही न भरवता सिस्टरला बोलवा. पेज दोनदा गाळून, एका वेळी साधारण २०० मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता आपोआप उतरू द्यायची. शेवटी ३० मिली पाणी, आणि नंतर किमान अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं. नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून देऊ नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

सेवा चांगली की वाईट, ते कळतं सकाळी ८ वाजता, पाळी बदलताना. येणारी द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलेली, जाणारीला बस गाठायची घाई. रात्री लघवी किती झाली, कोणत्या कुशीवर ठेवलंय, हे कुणी कुणाला सांगतच नाही. १० मिनिटं दोघीही घरात हव्यात, हे ठरवतानाच बोलून घ्या. आणि एक साधी वही आखा: वेळ, कूस, काय दिलं, लघवी किती मिली, संडास, साखर. कॅथेटरच्या पिशवीत चार तास काहीच आलं नाही तर आधी नळी अंगाखाली दुमडली नाही ना ते पाहावं, नाहीतर लगेच डॉक्टरांना फोन. वही भरायला नाखूष असलेला ब्यूरो आम्ही घेऊ नका असंच म्हणू.

पैशांचं थोडक्यात. आगाऊ ३० दिवसांचे मागतात; १५वर तयार होतात का बघा. मावशीच्या हातात किती पडतात तेही विचारा, कारण तिचा पगार रखडला की ती न सांगता जाते. ७० वर्षं आणि त्यावरच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ५ लाखांपर्यंतचं असलं तरी ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरच्या मावशीचा खर्च त्यात बसत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या मावश्या होळीला आणि पेरणीच्या दिवसांत गावी जातात. तो त्यांचा हक्कच आहे. पण 'बदली देऊ' या तोंडी शब्दावर राहू नका. किती तासांत देणार ते करारात लिहून घ्या, आणि बदलीच्या मावशीला जुनीसोबत एक पूर्ण दिवस ठेवा, तेवढ्या दिवसाचे दुप्पट पैसे गेले तरी चालतील.