फळा की स्लाइड? आणि स्लाइड, तर कुठली?

पॉवरपॉइंट १९८७ साली आलं ते ऑफिसातल्या सादरीकरणांसाठी, वर्गासाठी नव्हे. मुद्द्यांची यादी करण्याची त्याची खोड तिथली. ऑफिसात ऐकणाऱ्याला मुद्दे कळले की भागतं. वर्गातल्या मुलाला मात्र ती गोष्ट स्वतः करता यायला हवी.

म्हणून गणितासाठी मी डोळे झाकून फळा निवडेन. समीकरण सोडवताना खडू ज्या वेगाने चालतो, साधारण त्याच वेगाने मुलं विचार करू शकतात. मधेच थांबून ‘इथे चिन्ह का बदललं?’ असं विचारता येतं. तेच स्लाइडवर आलं की आठ ओळी तयारच असतात आणि मुलं उतरवून घेण्याच्या मागे लागतात. ॲनिमेशन लावून एकेक ओळ आणता येते, हे खरं. पण एखाद्या मुलीने वेगळी रीत सुचवली, तर ती त्या स्लाइडमध्ये बसवणार कुठे?

हृदयाच्या झडपा, पेशीविभाजन, नकाशे इथे गोष्ट उलटी. फळ्यावर चित्र काढेपर्यंत निम्मा तास संपतो, तेही आपला हात चांगला असेल तर. इथे स्लाइडच घ्यावी. फक्त तिच्यावर परिच्छेद लिहून तो वाचून दाखवू नये. शिक्षणाचे मानसशास्त्र अभ्यासणारे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत हेच दिसलं: चित्र आणि बोलणं यांच्या जोडीला तेच शब्द पडद्यावरही आले, तर शिकणं सुधारत नाही, उलट घटतं.

सॉफ्टवेअरचा प्रश्न त्यामानाने सोपा. मुलांनी गटात मिळून स्लाइड बनवायच्या असतील तर गूगल स्लाइड्स. एकाच फाइलवर सगळे एकदम काम करतात. वर्गात इंटरनेटचा भरवसा नसेल तर ते टाळा, किंवा फाइल आधी ऑफलाइन करून ठेवा. बारकाईचं ॲनिमेशन हवं असेल तर पॉवरपॉइंट. खर्च करायचा नसेल तर लिब्रेऑफिस इम्प्रेस मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं. पॉवरपॉइंटच्या फाइलीही उघडतं, पण मांडणी अधूनमधून हलते. तास सुरू होण्याआधी एकदा सगळ्या स्लाइड उलटून पाहा.

आणि स्लाइड चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ दाबा. तिन्हींत पडदा काळा होतो, मुलांची नजर तुमच्याकडे वळते. खडू तेव्हाच उचलायचा.