'जॉब सीकर व्हिसा' सांगून टूरिस्ट व्हिसावर दुबईला पाठवलं, ९० हजार गेले

लिहू की नको असं बरेच दिवस चाललेलं, कारण गावात अजून बऱ्याच जणांना वाटतं की मला तिकडे करमलं नाही म्हणून मी परत आलो. तसं काही नाही, मी फसलो.

मी चिपळूणकडचा, आयटीआय केलंय, एसीचं काम आठ वर्षं करतोय. २०२४ च्या शिमग्याआधी मामेभावाच्या ओळखीने कुर्ल्यातल्या एका एजंटकडे गेलो. माणूस बोलायला एकदम गोड, चहा काय, पाणी काय. बोलला, दादा, कंपनीच्या व्हिसाला चार महिने थांबावं लागेल, त्यापेक्षा दुबईने नवीन जॉब सीकर व्हिसा काढलाय, ६० दिवस तिकडे राहायचं, इंटरव्ह्यू द्यायचे, आवडेल ती कंपनी पकडायची, पुढचं सगळं कंपनी करते.

आता गंमत अशी की असा व्हिसा खरंच आहे. २०२२ मध्ये सुरू झालाय, ६०, ९० नायतर १२० दिवसांचा मिळतो, स्पॉन्सर लागत नाही. मी गुगलवर बघितलं, नाव दिसलं, विश्वास बसला. पण खाली वाचलंच नाही की त्याला किमान बॅचलर डिग्री लागते. मी बारावी आणि आयटीआय! म्हणजे तो व्हिसा मला मिळणारच नव्हता, आणि हे त्या एजंटला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

९० हजार मागितले. आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि दिले. व्हिसा आला व्हॉट्सअॅपवर, तोही निघायच्या आदल्या रात्री. त्यावर टूरिस्ट लिहिलेलं मला दिसलं, विचारलं तर बोलला सिस्टीममध्ये तसंच छापून येतं, तुम्ही एअरपोर्टवर फक्त फिरायला चाललोय सांगा, हॉटेलचं बुकिंग मी दिलंय. तिथेच डोकं चालायला पाहिजे होतं. नोकरी शोधायला कायदेशीर जाणाऱ्या माणसाला खोटं कशाला बोलायला लागेल? पण बॅग भरलेली, आदल्या दिवशी अख्खी वाडी भेटून गेलेली, आता मागे कसं फिरणार.

हॉटेलचं बुकिंग अर्थातच खोटं. डेरा भागात नाइफला एका खोलीत बेड स्पेस घेतली, एका खोलीत दहा जण, महिन्याचे ६०० दिरहम म्हणजे तेव्हाचे साडेतेरा हजार रुपये. रोज सीव्ही घेऊन फिरायचं. हे मात्र खरं की टूरिस्ट व्हिसावर जाऊन नोकरी शोधणारे तिकडे हजारो आहेत आणि काहींना लागतेही, मग कंपनी कामाचं परमिट काढून टूरिस्टचा व्हिसा कामाच्या व्हिसात बदलून देते. पण परमिट हातात यायच्या आधी काम केलं की ते बेकायदेशीर, आणि इथेच माझी दुसरी वाट लागली.

अल कूझमधल्या एका मेंटेनन्सवाल्याने 'ट्रायल'वर घेतलं. मे महिना, गच्चीवर एसीची आउटडोअर युनिट, ऊन म्हणजे तव्यावर उभं राहिल्यासारखं. अकरा दिवस केलं. ऑफर लेटर मागितलं की उद्या, परवा. शेवटी बोलला, तुझा तर टूरिस्ट व्हिसा आहे, जा कुठे तक्रार करायची ती कर. एक दिरहम दिला नाही. खोलीतला हैदराबादचा एक जण असाच अडकून पडलेला, व्हिसाची मुदत संपल्यावर रोजचा ५० दिरहम दंड, चार महिन्यांत सहा हजार दिरहमवर गेला. सप्टेंबरमध्ये तिकडच्या सरकारची दंडमाफी सुरू झाली तेव्हा सुटला बिचारा. मी मुदतीच्या तीन दिवस आधी घरून तिकिटाचे पैसे मागवून परत आलो.

इकडे येऊन पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांनी पावती मागितली, मी दिली, त्यांनी वाचून माझ्याकडे बघितलं. पावतीवर लिहिलेलं 'दुबई टूर पॅकेज'. टूर घेतली, टूर झाली, तक्रार कसली? तरी अर्ज दिला, एजंटला फोन गेल्यावर २० हजार परत आले. बाकीचे अजून येतायत.

मग कळलं की परदेशात कामाला माणसं पाठवायला सरकारचं लायसन्स लागतं, सरकारच्याच ई-मायग्रेट वेबसाइटवर नाव टाकलं की एजंट रजिस्टर आहे का दोन मिनिटांत दिसतं, आणि रजिस्टर एजंटला ३० हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. व्हिसाचा, परमिटचा खर्च तर तिकडच्या कायद्याने कंपनीनेच करायचा असतो. खरी नोकरी असेल तर जायच्या आधी ऑफर लेटर येतं, त्यावर पगार लिहिलेला असतो आणि ते तिकडच्या कामगार मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतं.

परवा वाडीतल्याच एका पोराने व्हिसाचा फोटो पाठवला, दादा चेक कर ना म्हणून. वर टूरिस्ट. फोन लावला तर बोलला, एजंट सांगतो हाच जॉब सीकर असतो. एजंट दुसरा आहे, पण वाक्य तेच. त्याने अजून निम्मेच पैसे दिलेत, म्हणून हे आज बसून लिहिलं.