शिफ्ट ड्युटीवाल्या सिस्टरांसाठी मिरजेतलं काकूंचं पाळणाघर : माझा अनुभव

मिरजेत दवाखाने किती आणि त्यात काम करणाऱ्या आम्ही सिस्टर किती हे सांगायला नको, पण शिफ्टवाल्या आईचं मूल कोण सांभाळतं का बघायला गेलं की सगळीकडे एकच उत्तर, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, रविवार बंद. आमची मॉर्निंग साडेसातला सुरू होते, सेकंड म्हणजे दुपारच्या ड्युटीचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी माहिती, देऊन निघेपर्यंत रात्रीचे ९ वाजतात, आणि ती पुढची सिस्टर आली नाही तर विचारूच नका. म्हणून स्टेशनच्या बाजूला असलेल्या काकूंच्या पाळणाघराबद्दल लिहितेय. माझा मोठा साडेतीन वर्षांचा आणि धाकटी ११ महिन्यांची, दोघंही तिथेच असतात.

रोस्टर म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक लागलं की फोटो काढून काकूंना पाठवायचा, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक पोराच्या नावापुढे मॉर्निंग, सेकंड, ऑफ असं पेन्सिलने लिहून ठेवतात, पेन्सिलने का तर आमच्या ड्युट्या बदलतात हे त्यांना माहितीय. पैसे तासावर, त्यामुळे ऑफच्या दिवसाचे जात नाहीत. उशीर होणार असेल तर एक फोन बास, तोंड वाकडं करत नाहीत, मुलाला जेवू घालूनच ठेवतात.

आणि त्यांची वही! संध्याकाळी घ्यायला गेलं की आधी वही वाचायची. "११ वा. वरणभात अर्धी वाटी, शी दोनदा, दुसरी पातळ, ताप नाही, ओआरएस चमच्याने दिलं." वॉर्डात आम्ही देतो तसाच हँडओव्हर आहे हा. दुसरीकडे विचारलं तर "काही नाही, मस्त खेळला" एवढंच ऐकायला मिळायचं, आणि घरी आल्यावर रात्री ताप.

धाकटीच्या वेळी २६ आठवड्यांच्या रजेतले काही बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे रुजू झाले तेव्हा ती सहा महिन्यांचीही नव्हती, नुसत्या आईच्या दुधावर. काढलेलं दूध बाहेर फार तर ४ तास टिकतं, मिरजेच्या उन्हाळ्यात तर तेवढंही ठेवू नये. मी बाटलीवर मायक्रोपोरची (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) पट्टी लावून वेळ लिहायची, काकू ती बघूनच आधीची बाटली आधी द्यायच्या, गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करायच्या आणि उष्टं उरलेलं टाकून द्यायच्या. हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. दारातच नळ आणि साबण आहे, आम्ही वॉर्डातून आलो की हात धुतल्याशिवाय बाळ हातात देत नाहीत, मला हे फार आवडतं.

कमी काय तर जागा लहान आहे, पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, जास्तीची द्यावी लागतात. दुपारी टीव्ही लावायच्या, आम्ही दोघीतिघींनी सांगितल्यावर बराच कमी झालाय. नाईटला मुलं ठेवत नाहीत, त्यामुळे नाईटच्या आठवड्यात मला अजूनही सासूबाईंना गावाहून बोलवावं लागतं, त्यांचे गुडघे दुखत असतात तरी येतात.

खरं तर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असायला हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. मी जिथे काम करते तिथे ५० च्या कितीतरी वर स्टाफ आहे पण पाळणाघर नाही, विचारलं की "बघू" म्हणतात. मला याचा राग येतो, कारण मूल लहान असताना नोकरी सोडून बसलेल्या चांगल्या आयसीयू सिस्टर मी बघितल्यात, आणि मग तेच लोक म्हणतात स्टाफ मिळत नाही.

कोणाला ठेवायचं असेल तर अंगावरची बाळं काकू एका वेळी तीनच घेतात, म्हणून रजा संपायच्या महिनाभर आधीच बोलून ठेवा आणि पहिले काही दिवस तासभर बाळासोबत तिथे बसा, त्या स्वतःच तसं सांगतात.