सायको (मानसशास्त्र) आणि पॉलिटिक्स (राज्यशास्त्र) एकत्र घेऊन बीए करावं का? माझा रिव्ह्यू

ॲडमिशनचा सीझन आला की मला हाच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. कॉम्बिनेशनला ५ पैकी साडेचार, आमच्या कॉलेजला अडीच. कॉलेजचं नाव विचारू नका, पुण्यात अशी कॉलेजं पायलीला पन्नास आहेत.

आमच्या वेळी सायको स्पेशल (मुख्य विषय) आणि पॉलिटिक्स जनरल (जोडविषय) असं होतं, आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, मेजर-मायनर म्हणतात, पण गोची तीच राहणार की ही जोडी प्रत्येक कॉलेजच्या टाइमटेबलात बसत नाही. आमच्याकडे बसवली होती, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात प्रॅक्टिकलची बॅच आणि पॉलिटिक्सचं लेक्चर एकाच वेळी, आणि सायकोवाले म्हणणार त्यांच्याशी बोला, पॉलिटिक्सवाले म्हणणार त्यांच्याशी बोला, ऑफिसवाले म्हणणार अर्ज द्या. अर्ज दिला. पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे.

प्रॅक्टिकल मात्र धमाल, त्यासाठी तरी सायको घ्याच. मिरर ड्रॉइंग म्हणून एक प्रयोग असतो, चांदणीची आकृती समोर असते पण ती आणि हात दोन्ही झाकलेले, फक्त आरशात बघून तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. हात जिथे जायला पाहिजे त्याच्या बरोब्बर उलटा जातो आणि कोपऱ्यावर तर अडकूनच बसतो. आमच्या लॅबमधल्या आरशाचा कोपरा उडालेला आणि चुका मोजायचा काउंटर कायमचा बंद, त्यामुळे कुणीतरी शेजारी बसून बोटांवर मोजायचं. बरं हे सगळं करून घ्यायला ‘सब्जेक्ट’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, आपणच पकडून आणायचा, तोही दुसऱ्या वर्गातला, ज्याला आधी काही माहीत नाही असा. कॉमर्सची पोरं कँटीनमधल्या चहा-वडापाववर तयार होतात, पण दुसऱ्यांदा बोलावलं की फोन उचलत नाहीत. मग जर्नल. हाताने लिहायचं, ग्राफ काढायचे, सही घ्यायची, आणि सही करणाऱ्या मॅडम नेमक्या त्याच दिवशी रजेवर.

पॉलिटिक्सची बाजू सरांवर अवलंबून आहे. एक सर डिक्टेशन द्यायचे, ‘स्वल्पविराम’ सुद्धा मोठ्याने बोलायचे, त्याबद्दल काय लिहू. दुसरे सर संविधानाचा पेपर घ्यायचे आणि त्यांनी सुप्रीम कोर्टातली केशवानंद भारती केस जी रंगवून सांगितली, १९७३ साल, १३ न्यायाधीश आणि निकाल ७ विरुद्ध ६, म्हणजे एक जण इकडचा तिकडे झाला असता तर संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही हे तत्त्वच आलं नसतं, वर्गात पिनड्रॉप सायलेन्स. त्या एका पेपरमुळे कॉलेजला अडीच दिलेत, नाहीतर दीडच होते.

आता साडेचार कशाला ते सांगते. हे दोन विषय एकमेकांशी बोलतात आणि ते कुणीही शिकवत नाही, आपल्यालाच जुळवावं लागतं. सायकोत सॉलोमन ॲश हा मानसशास्त्रज्ञ शिकवतात. १९५१ चा प्रयोग, समोर तीन रेघा, त्यातली कुठली चौथीएवढी आहे ते सांगायचं, शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण आधीचे सगळे (ते प्रयोग करणाऱ्याला आतून सामील असतात) मुद्दाम चुकीचं उत्तर देतात आणि खरा सब्जेक्टही साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्या मागे जातो. तेच उत्तर गुपचूप कागदावर लिहायला सांगितलं तर घसरण खूप कमी होते. हे सायकोच्या वहीत. आणि पॉलिटिक्सच्या वहीत १९५१-५२ ची पहिली निवडणूक, सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त, बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर चिन्ह चिकटवलेलं, आणि पेट्या आडोशाला ठेवलेल्या. अरे तो आडोसा म्हणजे ॲशचा कागदच की! मग ग्रामसभेत हात वर करून ठराव पास होतो तेव्हा नेमकं काय होतं ते कळायला लागतं, पहिले चार हात कुणाचे वर गेले ते बघून पाचवा ठरवतो. आणि गुप्त मतदान तरी किती गुप्त, ईव्हीएमचे आकडे बूथनिहाय बाहेर येतात, छोट्या गावात एकच बूथ असलं की कुठल्या गावाने साथ दिली ते पुढाऱ्याला संध्याकाळपर्यंत समजतंच. हे मी सेमिनारला मांडलं तर सायकोच्या मॅडम म्हणाल्या हा पॉलिटिक्सचा विषय झाला आणि पॉलिटिक्सचे सर म्हणाले छान, पण सिलॅबसमध्ये नाही.

एक तक्रार सायकोच्या नोट्सवर. १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंगाचा प्रयोग (खोट्या तुरुंगात काही पोरं कैदी, काही गार्ड) अगदी दगडावरची रेघ असल्यासारखा लिहून दिला होता. त्यातल्या गार्ड झालेल्या पोरांना कडक वागायला आधीच भरीस घातलं होतं ही टीका केव्हाची बाहेर आलीये, त्यावर ओळ नाही. परीक्षेत टीका लिहिली तर मार्क मिळतात का, तर तपासणाऱ्यावर आहे.

पुस्तकांना फार खर्च करू नका. आप्पा बळवंत चौकात सेकंडहँड बघा, आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश साइटवर दोन्ही विषयांची युनिट्स फुकट आहेत, इंग्रजी आहेत, बरीचशी हिंदीतही. आमच्या लायब्ररीत एकाच पुस्तकाला अख्खा वर्ग रांगेत असायचा.

करिअरचं विचारणाऱ्यांसाठी. नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही, त्याला पुढचं आरसीआय-मान्य (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) शिक्षण आणि नोंदणी लागते, त्यामुळे ‘डिग्री झाली की काउन्सेलिंग सुरू करते’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा. यूपीएससीला दोन्ही ऑप्शनल म्हणून आहेत पण घ्यायचा एकच, ५०० मार्कांना, म्हणून ‘दोन्हीचा फायदा होईल’ हे क्लासवाल्यांचं गणित नीट तपासून बघा. पॉलिटिक्स जीएसला (जनरल स्टडीज) उपयोगी पडतं, ते खरं.

आणि गणितापासून सुटका म्हणून आर्ट्सला येणाऱ्यांनो, सायकोत स्टॅटिस्टिक्स आहे. मीन, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन), कोरिलेशन, टी-टेस्ट सगळं. साधा कॅल्क्युलेटर स्वतःचा घ्या, परीक्षेत मोबाइलवर करू देत नाहीत.